शकला असता

रायस्वाइक, फेब्रुवारी. काचेच्या इमारतीचा सातवा मजला,
खाली वारा सायकलवाल्यांना आडवं पाडायच्या बेतात.
टेबलावर अर्ज: दूधनळ्यांसाठी थंड पाण्यातलं जंतुनाशक.
अर्जदार चित्स्के हुकेमा, फ्रीसलँडमधल्या
एका चीज कारखान्यात रात्रपाळीची सफाईप्रमुख.
घटक दोनच. हायड्रोजन पेरॉक्साइड,
आणि थोडं लॅक्टिक आम्ल,
जे आंबट ताकातही असतं.

मला ठरवायचंय, हे उघड होतं का.

उघड कुणाला, ते कायद्यानं नेमून दिलंय.
एक माणूस आहे. त्याला नाव नाही.
त्यानं सगळं वाचलंय. म्हणजे सगळं:
ओसाकातल्या सभेचं इतिवृत्त, कुणाचा तरी जुना जर्मन प्रबंध,
बुखारेस्टच्या ग्रंथालयात पानंही न फाडलेली पुस्तिका.
विसरत काही नाही.
कल्पनाशक्ती शून्य, तशी अटच आहे.
अठरा वर्षं तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो,
जेवत नाही, जांभई देत नाही,
आणि मी त्याला रोज एकच विचारते:
बाबा रे, तुला सुचलं असतं का?

पहिला कागद: पेरॉक्साइड, साठ अंश, वीस मिनिटं.
दुसरा: दूध काढल्यावर गायीच्या सडांना लावायचं लॅक्टिक आम्ल.
दोन्ही शेजारी ठेवले की मधली फट दिसेनाशी होते,
हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं वाटायला लागतं.
इथंच मी फसते. उत्तर वाचल्यावर कोडं सोपंच असतं.
कळसा काखेत होता, हे
गावाला वळसा घालून आलेल्यालाच सांगता येतं.

"एकत्र करू शकला असता," दुआर्ते म्हणाला, आमचा अध्यक्ष.
ओइलीनं चष्मा पुसला. "शकला असता.
पण केलं असतं का?"

या दोन क्रियापदांच्या मध्ये
आमचे तीन तास गेले, आणि दोन थर्मास कॉफी.
शकणं स्वस्त असतं.
मीही स्प्लिटला राहू शकले असते,
पियानो शिकू शकले असते,
त्या मंगळवारी आईचा फोन उचलू शकले असते.

तिसरा कागद जपानी, पान चौदा, तळटीप:
आम्लाचा अंश राहिल्यास परिणाम मंदावतो,
नळ्या आधी नीट धुवाव्यात.
त्यानं हेही वाचलेलं. त्यानं धुतल्या असत्या.
तो आज्ञाधारक आहे.

मग हिनं का नाही धुतल्या?
अर्जात नाही. वकिलाच्या पत्रात एक वाक्य सापडलं,
जणू चुकून राहिलेलं: जानेवारीत बॉयलर तीन दिवस बंद होता.
नळ्यांत चीजची निवळ तशीच.
गायींना बॉयलरचं कळत नाही, दूध येतच राहतं.
तिनं गार पाण्यातच पेरॉक्साइड ओतलं,
देवाला ठाऊक काय पुटपुटत,
आणि दोन दिवसांनी तपासणीच्या बशीत काही उगवलं नव्हतं.
बशी तिनं फेकली नाही.
मुद्दाम निवळ ठेवून पुन्हा केलं. अकरा वेळा.

कायदा हे विचारत नाही.
अपघात की अक्कल, त्याला सारखंच.

पण वकिलाची हावही पहिल्याच दाव्यात बसलेली:
"कोणतंही सेंद्रिय आम्ल."
तक्त्यात तर व्हिनेगरनं काहीच केलेलं नाही,
सायट्रिकनं त्याहून कमी.
मी लिहिलं: एवढं रुंद मान्य नाही.
लॅक्टिक, चार ते बारा अंश. एवढंच तुमचं.
मग बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
"एवढं मात्र तुमचं" असं सरकारी भाषेत
कसं लिहितात, मला अजून जमलेलं नाही.

लिफ्टजवळच्या बाटलीतून हातावर दोन थेंब घेतले.
बोटाच्या भेगेत झोंबलं.
शेजारच्या खुर्चीतल्याला हात नाहीत.

ट्रामला नऊ मिनिटं.
दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम चुकलाय बहुतेक.
उद्या बघते.